पहिली .२२ रायफल घेतोय: बोल्ट घ्यावी की सेमी?

अधांतरी
नमस्कार मंडळी,
गेलं वर्षभर क्लबच्या रायफलवर शिकतोय. ती रायफल माझ्याआधी निदान शंभर गालांना लागलेली आहे. शिवाय दर आठवड्याला कुणीतरी साइट फिरवून ठेवतं, त्यामुळे माझ्या पहिल्या दहा गोळ्या साइट जागेवर आणण्यातच जातात. आता स्वतःची घ्यायचं ठरवलंय. .२२ एलआरच (लाँग रायफल, म्हणजे छोट्या काडतुसाची) हवी, त्यात दुमत नाही. कामं दोनच: ५० मीटरवर कागदाला भोकं पाडणं आणि क्लबात अधूनमधून होणाऱ्या हलक्याफुलक्या मॅचेस. ऑलिंपिकचं वय टळलं.

डोक्यात तीन नावं आहेत. रुगर १०/२२, कारण ती ज्याच्या त्याच्याकडे दिसते. सीझेड ४५७, कारण ती ज्यांच्याकडे आहे ते लोक दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नाहीत. आणि एक वापरलेली अ‍ॅन्शुट्झ १९०३, जी क्लबातलेच एक गृहस्थ विकताहेत. ती खांद्याला लावली तर रायफल धरलीय की शिलाई मशीन तेच कळेना, पण तिचा ट्रिगर! बोट लावायचा नुसता विचार केला तोवर सुटला.

घरी शब्द दिलाय की एकच घेणार. तर दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची, की पुढची गोळी आपोआप भरणारी सेमी? आणि स्कोप (दुर्बीण) की पीप साइट (बारीक भोकातून बघायची)?

टिकटिकटिक
सेमी. पुढचा प्रश्न?

उंटावरचा_शहाणा
"एकच घेणार" हे वाक्य जपून ठेवा. दोन वर्षांनी धागा वर काढू.

खडूसकाका
बोल्ट. त्यातही एकेक गोळी हाताने भरायची. मॅगझिन असलं की माणूस उरलेल्या गोळ्या मोजत बसतो, लागलेली कुठे लागली ते बघत नाही. सेमीवर शिकलेली पोरं मी ओळखतो: पहिली आठात गेली की दुसरी लगोलग तिच्या मागे धाडतात, जणू पहिलीला सोबत हवी होती. बोल्ट मागे ओढायला, गोळी भरायला, श्वास जागेवर आणायला जो वेळ जातो ना, तोच खरा सराव.

टिकटिकटिक
काका, तुमचा मुद्दा शिस्तीचा आहे, रायफलचा नाही. सेमीतही एकच गोळी भरून मारता येते, कुणी हात धरत नाही.
१०/२२ बाजारात आली १९६४ मध्ये. तेव्हापासून तिच्यासाठी जगात कोण काय बनवत नाही ते सांगा. बॅरल, ट्रिगर, दस्ता, सगळं घरबसल्या एका दुपारी बदलता येतं. कारखान्यातून येणारा ट्रिगर जड असतो हे मान्य, साधारण अडीच किलो. तो बदलला की तीच रायफल वेगळी वाटते. आणि लोखंडी पाट्यांची मॅच कधी खेळला आहात का? पाच पाट्या, घड्याळ सुरू. तिथे बोल्टवाला दुसऱ्या पाटीवर असतो तेव्हा आम्ही सामान आवरायला घेतलेलं असतं.

खडूसकाका
बॅरल बदललं, ट्रिगर बदलला, दस्ता बदलला. मग मूळची राहिली काय? नंबर?

उंटावरचा_शहाणा
आणि घरच्यांना दिलेला शब्द. "एकच रायफल आहे बघ, तीच ती."
(तांत्रिकदृष्ट्या खरं.)

सांजवारा
अधांतरी, उत्तरं द्यायची घाई सगळ्यांना झालीय, पण एक प्रश्न कुणी विचारला नाही. तुमच्या क्लबात मॅच कुठल्या होतात?

हे महत्त्वाचं का, तर .२२ ची "टार्गेट रायफल" अशी एक वस्तू नसते. ५० मीटर झोपून मारायचं असेल तर जड बॅरल, स्लिंग (हाताला आधार देणारा पट्टा) आणि पीप साइट हवी. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या) ५० मीटरला स्कोप चालतच नाही. सिलुएटमध्ये पत्र्याचे प्राणी पाडायचे असतात: कोंबडी ४० मीटर, डुक्कर ६०, टर्की ७७ आणि मेंढा १०० मीटरवर, आणि सगळं उभ्याने, बिनआधाराचं. तिथे तीच जड रायफल विसाव्या गोळीला खांद्याची सालं काढते. एनआरएल २२ सारख्या मॅचेसमध्ये अडथळ्यावर रायफल टेकवून, वेळेत, १०० यार्डांपर्यंतची लक्ष्यं मारायची असतात. तिथे मॅगझिन आणि स्कोप दोन्ही लागतात. पाट्यांबद्दल टिकटिकटिक म्हणाले ते बरोबर, तिथे सेमीच.

म्हणजे आधी मॅच ठरवा, मग रायफल. जी मॅच तुम्ही वर्षातून एकदा खेळणार तिच्यासाठी रायफल घेऊ नका.

दुसरं, रायफल अंगाला बसते का? डोळे मिटून खांद्याला लावा, गाल आपसूक जिथे टेकतो तिथे टेकू द्या, मग डोळे उघडा. साइटमधून सरळ दिसलं तर ठीक. मान ताणावी किंवा खुपसावी लागली तर दस्ता तुमच्या मापाचा नाही. १९०३ "शिलाई मशीन" वाटली त्याचं कारण कदाचित हेच. तिचं बट-प्लेट (खांद्याला टेकतं ते) आणि गालाची पट्टी आधीच्या मालकाच्या मापाला लावलेली असणार, ती हलवून बघितली का?

आणि तिसरं: तुमचा प्रधान डोळा कोणता? तपासलाय का कधी?

अधांतरी
सांजवाराताई, खूप आभार. क्लबात तीन प्रकार होतात. ५० मीटर झोपून दर महिन्याला, त्यात स्कोपवाल्यांचा वेगळा गट असतो. पाट्या तीन महिन्यांतून एकदा. सिलुएट कधीतरी, कुणी ते पत्र्याचे प्राणी रंगवून ठेवले तर.
दस्त्याचं माप काही बदललं नव्हतं. बदलता येतं हेच माहीत नव्हतं.

निळी_शाई
मी अगदी नवखी आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटेल. रिमफायर म्हणजे नक्की काय? आणि याला मराठी शब्द आहे का?

मोजपट्टी
बाळबोध अजिबात नाही. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी असते, पिन तिच्यावर आपटते. ते सेंटरफायर. .२२ मध्ये ती टोपीच नसते. बुडाच्या दुमडलेल्या काठात आतून स्फोटक मसाला बसवलेला असतो आणि पिन त्या काठाला चेपते. म्हणून रिम-फायर. हे .२२ एलआर काडतूस १८८७ पासून चालत आलेलं आहे.

याचे दोन परिणाम लक्षात ठेवा. एक, काठ चेपला की काडतूस संपलं, ते घरी पुन्हा भरता येत नाही. दोन, मसाला काठात सगळीकडे सारखा पसरला नसेल तर गोळीचा वेग कमीजास्त होतो. स्वस्त आणि महाग काडतुसांतला बराचसा फरक याच सारखेपणाचा असतो.

उंटावरचा_शहाणा
मराठी शब्द: कडपेट.
"काय मारता?" "कडपेट मारतो."

निळी_शाई
कानपेटसारखं वाटतं. "काठफुटी" कसं?

खडूसकाका
काठफुटी झाली तर दवाखान्यात जावं लागेल. काडतुसाचा काठ कधी खरोखरच फुटतो आणि गॅस मागे येतो, म्हणून चष्मा लावल्याशिवाय मारायचं नाही. शब्द सुचवा, पण चष्मा लावून सुचवा.

संपादक
परवाना, खरेदीचे कायदे, कुठे मिळते हे प्रश्न इथे नकोत. नियम जागोजागी वेगळे असतात, अधिकृत ठिकाणीच विचारावे. बाकी चालू द्या. कडपेट मलाही आवडला.

मोजपट्टी
आता मूळ विषय. इतके प्रतिसाद झाले आणि गोळीबद्दल मीच काय ते बोललो, तेही मराठी शब्दाच्या नादात.

सेंटरफायरवाले बारूद मोजून, गोळी बसवून काडतूस रायफलला साजेसं करून घेतात. आपल्याला ती सोय नाही. कारखान्यातून येईल ते घ्यायचं आणि आपल्या बॅरलला काय मानवतं ते शोधायचं. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेल्या दोन रायफलींची आवडसुद्धा वेगळी निघते. मी सहा प्रकारची काडतुसं एकाच रायफलमधून तपासली: प्रत्येकी पाच गोळ्यांचे पाच ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचे पुंजके), ५० मीटर, पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू) आणि मागे वाळूची पिशवी. सगळ्यांत महागडी तिसरी आली. पहिली कोणती ते सांगत नाही, कारण तुमच्या बॅरलला ते ऐकू येणार नाही.

तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका. तीन गोळ्या कुणाच्याही जवळजवळ पडतात, म्हणूनच नेटवर सगळीकडे तीन गोळ्यांचे फोटो दिसतात. एक प्रकार संपवून दुसरा घेताना पहिल्या दहापंधरा गोळ्या हिशेबात धरू नका. गोळीवरचं मेण-वंगण प्रत्येक कंपनीचं वेगळं, नवं वंगण नळीत बसायला तेवढ्या गोळ्या लागतात.

आणि लॉट नंबर! खोक्यावर छापलेला असतो. तेच नाव, तोच रंग, पण लॉट वेगळा तर ग्रुप वेगळा. मोठे नेमबाज ईली किंवा लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रात आपली रायफल घेऊन जातात, तिथे लॉटमागून लॉट मारून बघतात आणि जो जमला त्याचा वर्षाचा साठा करतात. आपल्याला तेवढं नको, पण नंबर लिहून ठेवायला काय जातं?

अचूकता किती लागते त्याचाही हिशेब करा. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि काठाला स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे गोळ्यांचे मध्यबिंदू १६ मिलिमीटरच्या वर्तुळात मावले आणि ते वर्तुळ बरोबर मधोमध बसलं, तर सगळे दहा. अंगठ्याच्या नखाएवढी जागा. योग्य काडतूस मिळालं तर साधी बोल्ट रायफलही टेकवून मारल्यावर हे करते. माणूस करत नाही, ते वेगळं.

टिकटिकटिक
मोजपट्टी, प्रतिसाद साठवून ठेवला. पण नवख्याला एवढ्या वेडात पाडू नका. मी हाय व्हेलॉसिटीची मोठी पेटी घेतो, वर्षभर तीच. वेगवान गोळीला वाराही कमी लागतो.

मोजपट्टी
इथे घोडं अडलं. .२२ मध्ये उलट होतं. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. स्टँडर्ड गोळी ३२५-३३० ने निघते, म्हणजे मुळातच आवाजाच्या खाली. हाय व्हेलॉसिटी ३८० च्या आसपास निघते आणि हवेच्या विरोधाने भराभर वेग गमावत वाटेतच आवाजाच्या वेगाखाली येते. वारा गोळीला किती ढकलतो ते नुसत्या प्रवासाच्या वेळेवर ठरत नाही, हवेने तिला किती मागे ओढलं त्यावर ठरतं. आणि वेगवान गोळीला ती ओढ जास्त. म्हणून १०० मीटरवर आडव्या वाऱ्यात हाय व्हेलॉसिटी जास्त सरकते. मॅचची सगळी काडतुसं हळू का असतात, याचा विचार करा.

टिकटिकटिक
हे माहीत नव्हतं. मान्य. पण हळू काडतुसाने माझ्या सेमीचा बोल्ट कधीकधी अर्ध्यावरच अडकतो, त्याचं काय करू?

खडूसकाका
बोल्ट घ्या.

उंटावरचा_शहाणा
काकांनी दहा मारला.

रेघोटी
मी डावखुरी, म्हणून सेमीच्या वाटेला गेले नाही. बहुतेक सेम्या रिकामी पुंगळी उजवीकडे फेकतात, म्हणजे माझ्या बाजूला. एकदा मैत्रिणीची घेतली होती, एक गरम पुंगळी थेट कॉलरच्या आत गेली. त्यानंतर जो नाच केला त्याला त्या दिवशी सगळ्यांत जास्त टाळ्या.

पण लिहायचं होतं दुसरंच. गेल्या हंगामात माझा ग्रुप अचानक दुप्पट झाला. काडतूस बदललं. स्कोप बदलला. श्वास बदलला. महिनाभर वाटत होतं मीच बिघडले. शेवटी कुणीतरी दस्ता धरून बॅरल हलवलं तर टक् असा आवाज. रायफलचं यंत्र दस्त्याला धरून ठेवणारे दोन स्क्रू ढिले! घट्ट केल्यावर पहिल्याच पाच गोळ्या एका नखाखाली. रायफल घेतली की पहिल्या दिवशी ते स्क्रू बघा, आणि दर वेळी सारख्याच ताकदीने आवळा.

निळी_शाई
मी आपली "नाचता येईना अंगण वाकडे" म्हणून स्वतःलाच बोल लावत होते. आता आधी स्क्रू बघते.
अजून एक प्रश्न: घरी रिकामा ट्रिगर ओढून सराव करायला सांगतात. तो .२२ वर करू नये असं ऐकलंय?

सांजवारा
बरोबर ऐकलंय. काडतूस नसेल तर काही रायफलींत पिन थेट चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) कडेवर आपटते. तिथे खाच पडली की पुढे काडतूस नीट बसत नाही, निघत नाही. काही रायफलींत पिनला अडवणी असते, १०/२२ त्यातलीच. आपल्या रायफलचं माहितीपत्रक काय म्हणतं ते बघायचं. शंका असेल तर भिंतीत स्क्रू बसवताना वापरतात तो प्लॅस्टिकचा छोटा गट्टू चेंबरमध्ये घाला, त्यातला एक आकार बरोबर बसतो. आणि सराव करताना खरी काडतुसं त्या खोलीतच नकोत. ही छोटीशी गोळी दीड किलोमीटरपलीकडे जाऊ शकते, "पॉइंट टू टूच तर आहे" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

टिकटिकटिक
+१. याबाबतीत माझं आणि काकांचंही एकमत असेल.

खडूसकाका
असेल. साफसफाईबाबत नसेल.

टिकटिकटिक
दर वेळी साफ करतो. का नको?

खडूसकाका
कारण .२२ च्या शिशाच्या गोळ्या आणि त्यांच्या वंगणाने नळी झिजता झिजत नाही, पण पुढच्या टोकातून खुपसलेली सळई मात्र बॅरलच्या तोंडाची वाट लावते. गोळी सुटताना ज्या कडेला शेवटचा स्पर्श करते तीच कड तुम्ही घासताय. माझी नळी ग्रुप उघडायला लागल्याशिवाय मी साफ करत नाही.

मोजपट्टी
मधला रस्ता: नळीला हात कमी लावा, पण चेंबरच्या पुढच्या काठाशी काजळीचं कडं साचतं ते अधूनमधून काढा. सळई नेहमी मागून, गाइड लावून. सेमीचं यंत्र मात्र साफ ठेवावंच लागतं, तिथे टिकटिकटिक बरोबर आहेत. अर्धी काजळी त्यांच्याच तोंडावर येते.

अधांतरी
मंडळी, सावकाश! रात्री झोपायच्या आधी धागा वाचायला घेतला आणि आता पहाट होईल.
गोळी, स्क्रू, दस्ता समजलं. स्कोपचं कुणी सांगाल का? मित्राकडे मोठ्या रायफलचा एक भारी स्कोप पडून आहे, फुकट देतोय.

मोजपट्टी
फुकट असला तरी जपून. मोठ्या रायफलच्या स्कोपमध्ये पॅरलॅक्स बहुधा १०० यार्ड किंवा त्यापुढे जुळवून ठेवलेला असतो. ५० मीटरवर डोळा जरा इकडेतिकडे झाला की क्रॉस टार्गेटवर सरकताना दिसेल, आणि तुम्ही सरकणाऱ्या क्रॉसला खरं मानून मारणार. पॅरलॅक्स जुळवायची कळ असलेला, पंचवीस मीटरपर्यंत खाली येणारा घ्या. सिलुएट खेळणार असाल तर उंचीची कळ मोकळी आणि खात्रीची हवी, कारण ५० मीटरवर नेम जुळवलेली स्टँडर्ड गोळी १०० मीटरवर वीतभर खाली लागते.

रेघोटी
शिवाय नाकापेक्षा मोती जड व्हायला नको. एकाने हलक्या रायफलवर असा काही स्कोप चढवला होता की उभ्याने धरली की रायफल आपणहून आडवी व्हायची.

खडूसकाका
पीप साइट घ्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, अंतिम फेरीत ४५१.४ गुण. गुडघ्यावर, झोपून, उभ्याने, सगळं पीपमधून. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची (झोपून मारायच्या प्रकाराची) जगज्जेती झाली तीही पीपमधूनच. भिंगाशिवाय माणूस काय करू शकतो ते बघा.

उंटावरचा_शहाणा
काका, अधांतरींनी पहिल्याच प्रतिसादात वय टळल्याचं सांगितलंय.

खडूसकाका
वय ऑलिंपिकचं टळलं. साइटचं टळत नाही. पीपचं बारीक भोक धूसर डोळ्यालाही स्वच्छ दाखवतं, म्हणून माझ्यासारखे अजून मारू शकतात. बाकी क्लबात स्कोपचा गट आहे म्हणतात तर लावू दे त्यांना स्कोप. माझी परवानगी आहे.

(दोन आठवड्यांनंतर)

अधांतरी
परत आलो. मधल्या काळात तिन्ही रायफली मारून बघितल्या. क्लबातल्या लोकांनी कुरकुर न करता हातात दिल्या, काडतुसं मात्र माझी.

आधी एक कबुली. सांजवाराताईंनी डोळ्याबद्दल विचारलं होतं, मी सोयीस्करपणे उत्तर दिलं नव्हतं, कारण प्रश्नच कळला नव्हता. नेम धरताना मेंदू ज्याचं ऐकतो तो प्रधान डोळा, हे कळल्यावर परवा सहज करून बघितलं. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी केली, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरचं घड्याळ धरलं, मग एकेक डोळा मिटला. उजव्याने घड्याळ गायब! डाव्याने जागच्या जागी. पाच वेळा केलं. पाचही वेळा डावा.

आणि मी वर्षभर उजव्या खांद्यावरून, डावा डोळा घट्ट मिटून मारतोय. विसाव्या गोळीनंतर गाल थरथरतो, डोळ्याला पाणी येतं आणि ग्रुप पसरतो, त्याचा दोष मी क्लबच्या रायफलला देत होतो. ही नवी रायफल घ्यायचं निम्मं कारण तेच होतं!

उंटावरचा_शहाणा
म्हणजे धाग्याचं शीर्षक बदलून "बोल्ट की सेमी की डोळ्यांचे डॉक्टर?"

खडूसकाका
एकच वर्ष झालंय ना? डाव्या खांद्यावर जा. महिनाभर वेडंवाकडं वाटेल, मग आयुष्यभराची कटकट गेली. आमच्याकडे एकाने सहा वर्षांनी बाजू बदलली.

सांजवारा
काका, दर वेळी एवढं टोक गाठायची गरज नसते. अधांतरी, डोळा मिटू नका. चष्म्यावर किंवा टोपीला, डाव्या डोळ्यासमोर दुधी पट्टी लावा. काळी नको. एका डोळ्यासमोर काळोख केला की दुसऱ्या डोळ्याची बाहुलीही मोठी होते आणि साइट पुसट होते. दुधी पट्टीतून उजेड येतो, चित्र येत नाही. मेंदू आपोआप उजव्याचं ऐकतो. दोन महिने हे करून बघा, नाही जमलं तर बाजू बदला. रायफल मात्र तोवर थांबवा, कारण बाजू बदलली तर बोल्टची बाजूही बदलेल.

रेघोटी
डाव्या कळपात आलात तर स्वागतच आहे. डाव्या हाताचा बोल्ट अ‍ॅन्शुट्झमध्ये मिळतो, सॅव्हेज मार्क टू मध्येही. फक्त वापरलेली शोधायला गेलात तर निवड एकदम कमी होते, आणि कुणी विकायला काढली की आम्ही डावखुरे गिधाडासारखे बसलेलोच असतो.

टिकटिकटिक
तिन्ही मारून बघितल्या म्हणालात, आणि डोळ्याची गोष्ट सांगून पळालात. निकाल कुठे आहे?

अधांतरी
हो हो. १०/२२ सगळ्यांत मजेची. एका दुपारीत दीडशे गोळ्या कधी संपल्या कळलं नाही, आणि काका म्हणतात ते खरं निघालं: त्यातल्या शंभर कुठे गेल्या तेही कळलं नाही. १९०३ चा दस्ता मापाला लावून घेतला, तर शिलाई मशीन एकदम अंगरखा झाली. झोपून मारताना तिच्यासारखं काही नाही. पण पाट्या आणि सिलुएट तिच्याने होणार नाही, उभ्याने पाच मिनिटांत हात भरून आले. ४५७ कशातच पहिली नव्हती, आणि कुठेच अडलीही नाही.

आता दुधी पट्टी लावून दोन महिने क्लबच्याच रायफलवर.

(अडीच महिन्यांनंतर)

अधांतरी
धागा वर काढतोय. पट्टी जमली. गाल थरथरत नाही, चाळीस गोळ्या सलग होतात. क्लबच्या त्याच बदनाम रायफलवर माझे गुण इतके वाढले की खरेदी रद्द होते की काय अशी भीती वाटायला लागली होती.

पण घेतली. सीझेड ४५७, जड बॅरलची, उजव्या हाताची. पॅरलॅक्सची कळ असलेला मध्यम स्कोप. स्क्रू पहिल्याच दिवशी तपासले (रेघोटी, एक खरंच ढिला होता!). पाच प्रकारची काडतुसं आणली, मोजपट्टींच्या पद्धतीने पाचाचे पाच ग्रुप मारले. चार प्रकार असेतसेच. पाचवं मात्र... पाचपैकी तीन ग्रुप पूर्ण नखाखाली, बाकीचे दोन जेमतेम बाहेर. हात कापत होते. टेकवून मारलेलं आहे हे मान्य, पण एवढं सुंदर भोक मी पहिल्यांदा पाडलं. कागद घरी भिंतीवर लावलाय.

टिकटिकटिक
अभिनंदन! पाट्यांच्या मॅचला भेटा, माझी सेमी देतो एका फेरीला. बघू मग घरी दिलेला शब्द किती टिकतो.

खडूसकाका
अभिनंदन. आता मॅगझिन काढून ठेवा.

मोजपट्टी
वा! त्या पाचव्याचा लॉट नंबर काय? आजच दहा खोकी उचला, तो लॉट संपला की संपला.

अधांतरी
लॉट नंबर...

खोकी रेंजवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. काल डबा रिकामा केला म्हणे.

मोजपट्टी
🤦

उंटावरचा_शहाणा
डब्याचा लॉट नंबर विचारा.